हीटरची बदली

देवणी तालुक्यातील घरांत पाणी तापवण्याची पाच साधने आढळतात : चूल किंवा बंब, विजेचा रॉड, विजेचा गिझर, गॅस गिझर आणि सोलर. नवे आले की जुने जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. देवणीत नवे येते; जुने मात्र जात नाही, त्याची बदली होते. न्हाणीतून ते परसात जाते, परसातून शेतातल्या आखाड्यावर आणि तिथून कधी कधी लातुरात शिकणाऱ्या मुलाच्या खोलीवर. त्यामुळे एखाद्या खात्यापित्या घरात ही पाचही साधने एकाच वेळी नांदताना दिसतात आणि तरीही सकाळी सात वाजता कोणीतरी "पाणी तापलं का?" म्हणून ओरडत असते.

साधनांचा परिचय थोरल्यापासून करून देणे रीतीला धरून होईल. बंब तांब्याचा किंवा पितळेचा असतो. मधोमध जाळाचे नळकांडे, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि अंगाला तोटी, एवढीच त्याची रचना. बिघडण्यासारखे त्यात फक्त एक असते, ते म्हणजे पेटवणाऱ्याचे डोके. त्याला लागतात तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या आणि पहाटे उठणारे एक माणूस. यांपैकी शेवटची वस्तू सर्वांत आधी दुर्मीळ झाली. मग पिके बदलली. लातूर जिल्ह्यात सोयाबीन पसरले आणि सोयाबीनच्या काडाचा स्वभाव असा, की ते भडकते लवकर आणि विझते त्याहून लवकर. तुरीच्या खोडासारखा धग धरणारा जाळ त्याचा होत नाही. ज्वारीचा कडबा जाळावा, तर गोठ्यातून हरकत येते. बंबाची पहिली बदली विजेमुळे झाली असे सांगितले जाते. तिच्यात पीकपद्धतीचाही हात होता.

दुसरे साधन रॉड. बादलीत टाकायचे, बटण दाबायचे आणि घरातल्या लहान मुलांना "तिकडं जाऊ नका" असे दर दोन मिनिटांनी सांगायचे. वीस लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला १५०० वॉटच्या रॉडला साधारण २३ मिनिटे लागतात. हा हिशेब मात्र २३० व्होल्टचा आहे. पाणी तापवणाऱ्या विजेच्या उपकरणाची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे संध्याकाळी सगळ्या मोटारी चालू असताना दाब १६० व्होल्टवर आला, की १५०० वॉटच्या रॉडमध्ये निम्मीही ताकद उरत नाही आणि तीच बादली पाऊण तासाहून अधिक वेळ घेते. घरातले लोक वर्ग काढत बसत नाहीत. ते दिव्याकडे पाहतात आणि "लाईटच कमी हाय" असे सांगतात. दोन्ही पद्धतींनी उत्तर तेच येते.

रॉडबाबत एक नियम सर्वांना पाठ असतो : आधी रॉड पाण्यात, मग बटण, आधी बटण बंद, मग रॉड बाहेर. पाणी तापले की नाही हे बोट घालून पाहण्याची पद्धतही सर्वांना पाठ असते. तिला बटण बंद करण्याची अट असते, पण तिचे पालन घाई नसलेल्या दिवशीच होते. लोखंडी बादली आणि अर्थिंग नसलेले बोर्ड यांच्या संगतीत ही पद्धत जिवावर बेतते, म्हणून इथे विनोदाला जागा नाही.

तिसरे साधन विजेचा गिझर. भिंतीवर टांगलेली पंचवीस लिटरची टाकी, आत दोन हजार वॉटची कॉइल, पाणी ठरलेल्या अंशावर आले की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो चुकला तर धावून येणारा कटआउट, आणि दोघेही चुकले तर वाफेचा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. पंचवीस लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ३५ मिनिटे आणि सव्वा युनिटच्या आत वीज लागते. त्यात तेवढेच थंड पाणी विसणाला घातले, की ४० अंशांचे पन्नास लिटर पाणी होते. म्हणजे अडीच बादल्या. घरात माणसे सात. सकाळच्या भांडणांचे मूळ शोधताना स्वभावदोषांकडे जाण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

गिझरचा खरा शत्रू वीज नसून पाणी आहे. हा सगळा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा. खडकाच्या फटींतून मुरत बोअरमध्ये आलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे जड पाणी तापवले की त्यातला चुना वेगळा होऊन कॉइलवर बसतो. थर जाड होत जातो, उष्णता पाण्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, कॉइल आतल्या आत तापते आणि एक दिवस तुटते. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. वर्षा-दोन वर्षांनी ती पाहावी, बदलावी, असे सोबतच्या पुस्तिकेत छापलेले असते. पुस्तिका गिझरच्या खोक्यात असते, खोके माळ्यावर असते आणि माळ्यावर मुंग्यांचे राज्य असते. स्वतः झिजून घर राखणाऱ्या इतर व्यक्तींप्रमाणेच या कांडीची चौकशी ती संपल्यावर होते.

गिझर म्हातारा झाल्याची लक्षणे ठरलेली आहेत. प्रथम पाणी तापायला वेळ लागतो. मग आतून खडखड, कुडकुड असे आवाज येतात. तो चुन्याच्या खपल्यांचा आणि त्यांखाली अडकलेल्या वाफेचा आवाज असतो. पुढे पाण्याला तांबूस रंग येतो. त्यानंतर खालून थेंब पडू लागतात आणि शेवटी बटण दाबताच घराची वीज जाते. घरातली प्रतिक्रियाही टप्प्याटप्प्याने येते. पहिल्या लक्षणाला "हिवाळाय, वेळ लागणारच" असे उत्तर मिळते. दुसऱ्याला "नवं असतानाही असाच आवाज यायचा" असे. तिसऱ्याला "बोअरचं पाणीच तसलंय". चौथ्या टप्प्यावर गिझरखाली एक डबा ठेवला जातो आणि तो भरला की कुंडीत ओतला जातो, म्हणजे बिघाडाचे रूपांतर ठिबक सिंचनात होते. पाचव्या टप्प्यावर बटणच दाबायचे नाही, असे ठरते. "चालायलंय की अजून" हे वाक्य पहिल्या टप्प्यापासून शेवटपर्यंत ऐकू येते आणि ते बहुतेक वेळा अशा माणसाचे असते ज्याची आंघोळ पहिली होते.

इथे थेंबांविषयी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. टाकीच्या तळातून गळणारा थेंब आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पडणारा थेंब यांत फरक आहे. पहिला म्हणजे टाकी संपली. दुसरा म्हणजे पाणी तापून फुगले आणि जादा दाब बाहेर पडला; हे व्हॉल्व्हचे कामच आहे. गावोगावच्या फिटरांना ते माहीत असते. घरातल्या हौशी कारागिराला माहीत नसते आणि तो तिथे एम-सील लावतो. थेंब थांबतो. दाब थांबत नाही.

गिझर बंद पडला म्हणून बदलला जात नाही. पाहुणा यायचा असतो म्हणून बदलला जातो. निमित्तांत पहिला मान जावयाचा. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला जावई येणार असेल, तर नरक चतुर्दशीच्या आधीच्या आठवड्यात हीटरच्या दुकानांत गर्दी होते. दुसरे निमित्त धोंड्याच्या महिन्याचे. हा अधिक महिना साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, पण कोणत्या ऋतूत येईल याचा भरवसा नसतो. २०२३ चा अधिक श्रावण ऐन पावसाळ्यात आला आणि गरम पाण्याची मागणी रास्त ठरली. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मेपासून. त्या दिवसांत स्लॅबवरच्या काळ्या टाकीतले पाणीच दुपारी चटके देते आणि जावयाला प्रेमाने देण्यासारखी गोष्ट थंड पाणी ही असते. तिसरे निमित्त बाळंतपणाचे. मुलगी माहेरी आली की घरातल्या वडीलधाऱ्या बायका एकमताने गिझरवर अविश्वास दाखवतात आणि परसातला बंब सव्वा महिन्यासाठी पुन्हा पूर्ण पगारावर रुजू होतो.

बदलायचे ठरले, की काय घ्यायचे हा प्रश्न उभा राहतो. गॅस गिझर स्वस्त पडतो, वीज लागत नाही आणि नळ सोडताच गरम पाणी येते, हे त्याचे गुण. पेटण्यासाठी मात्र त्याला पाण्याचा दाब लागतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे एक बार. बहुतेक गॅस गिझरांना त्याचा पाव भाग तरी हवा, म्हणजे टाकी गिझरच्या वर अडीचेक मीटर पाहिजे. एकमजली घराच्या स्लॅबवर टेकलेली टाकी तेवढी उंची देत नाही. परिणामी नळ पूर्ण सोडला तर गिझर पेटतो, आणि पाणी जरा कडक हवे म्हणून नळ कमी केला की विझतो. ठिणगीसाठी त्यात दोन मोठे सेल असतात. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या बॅटरीत तेच सेल सापडतात.

गॅस गिझरचा एक दोष मात्र हसून सोडण्यासारखा नाही. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन यांनी गॅसवर तत्काळ पाणी तापवणारे घरगुती यंत्र काढले, तेव्हा त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षांनी गॅस गिझर सर्वत्र मिळतो आणि दार-खिडकी बंद असलेल्या चार बाय पाचच्या न्हाणीत तो नळीशिवाय बसवणारेही मिळतात. हवा कमी पडली की जळणाऱ्या गॅसचा कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस गुंगीत जातो आणि दार ठोठावणाऱ्याला आतून उत्तर येत नाही. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत लावावा. "थंडी आत येते" ही तक्रार ऐकून घ्यावी आणि खिडकी उघडी ठेवावी.

सोलर हे पाचवे आणि सर्वांत प्रतिष्ठित साधन, कारण ते रस्त्यावरून दिसते. १८९१ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी काळ्या टाक्या काचेच्या पेटीत बसवून पाणी तापवण्याचे पेटंट घेतले. देवणीत काळी टाकी पेटीशिवाय स्लॅबवर ठेवूनही एप्रिलमध्ये तोच परिणाम मिळतो, पण त्याला पेटंट नाही. आजच्या सोलरमध्ये काचेच्या दुहेरी नळ्या असतात; दोन काचांमध्ये निर्वात पोकळी, त्यामुळे आत आलेली उष्णता बाहेर जात नाही. तापलेले पाणी हलके होऊन टाकीत चढते, थंड पाणी खाली उतरते, पंप लागत नाही. जड पाण्यासाठी तांब्याच्या बारीक नळ्यांच्या जुन्या प्रकारापेक्षा हा प्रकार बरा, कारण काचेची नळी रुंद असते आणि चुन्याने बुजायला वेळ लागतो.

सोलरला स्लॅब हवा. शंभर लिटरचे यंत्र आणि त्याच्याहून उंचावर ठेवलेली पाचशे लिटरची थंड पाण्याची टाकी मिळून अर्ध्या टनाच्या पुढे जाते. हे वजन माळवदाने पेलायचे नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर या जिल्ह्यात दगडमातीच्या घरांवरचा विश्वास उडाला आणि स्लॅबची घरे वाढली. सोलर आले ते पुढे त्यांच्यावरच.

सोलरचे शत्रू वरून येतात. पहिला ढग : आषाढ-श्रावणात सूर्य रजेवर गेला, की सोलरमधले पाणी अंगाला लावण्यापेक्षा पिण्यायोग्य वाटते. दुसरा गारा : फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात गारपीट झाली तेव्हा शेतातल्या उभ्या पिकापुढे काचेच्या नळ्यांची किंमत कोणी काढली नसावी, पण गार काचेला ओळखत नाही. तिसरा वानर : त्याला वरच्या टाकीचे झाकण उघडता येते आणि नळ्यांवरून घसरता येते. चौथा शत्रू मात्र घरातलाच. बोअर आटले, टाकी रिकामी झाली आणि सोलरच्या नळ्या भर उन्हात कोरड्या तापल्या. दुपारी टँकर आला म्हणून घाईने थंड पाणी सोडले, की तापलेली काच तडकते. पाणी तापवण्याचे यंत्र पाणी आल्यामुळे फुटते, हा टंचाईच्या भागातला खास बिघाड आहे. अशा वेळी संध्याकाळपर्यंत थांबावे. पण टँकरवाला थांबत नाही.

निर्णय झाला की खरेदी. मोठी खरेदी उदगीरला किंवा लातूरला होते. या भागाने देवणी गोवंशाला नाव दिले आहे. अंग पांढरे आणि तोंड काळे तो वानेरा, सगळे अंग पांढरे तो बालंक्या, पांढऱ्यावर काळे छपके तो शेवरा, हे इथल्या पोरांनाही कळते आणि हाळी-हंडरगुळीच्या बाजारात दात पाहून वय सांगणारी माणसे घरोघर आहेत. ही नजर दुकानातही सोबत येते. गिझरला दात नसल्यामुळे ती आधी पाठीवर थाप मारते आणि आवाज ऐकते. मग वजन उचलून पाहते. मग दुकानदाराला "किती दिवस उभाय इथं?" असे विचारते, कारण बाजारात फार दिवस उभ्या असलेल्या जनावरात काहीतरी खोट असतेच. शेवटी तिला अंगावरच्या ताऱ्यांची संख्या दिसते. जास्त तारे म्हणजे पाणी लवकर तापणार, असा तिचा निष्कर्ष असतो. प्रत्यक्षात गिझरचे तारे, तापलेले पाणी नुसते उभे असताना त्यातली उष्णता किती कमी वाया जाते, यावरून दिलेले असतात. तापण्याचा वेग कॉइलच्या वॉटवर ठरतो. आयएसआयची खूण, टाकीच्या हमीची वर्षे आणि जड पाण्याला चालते का, हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. तेवढ्या वेळात एक कनेक्शन पाइप फुकट मिळवलेला असतो.

बसवण्याचे काम फिटर करतो. तो "निघालोच" असे सांगतो तेव्हा तो दुसऱ्याच्या घरी असतो, आणि तुमच्या घरी असतो तेव्हा तिसऱ्याला "निघालोच" असे सांगत असतो. आल्यावर तो जुन्या गिझरकडे पाहून "हे कुणी बसवलं?" असे विचारतो. बहुधा त्यानेच बसवलेले असते. नंतर एक बुश कमी पडते आणि ते आणायला घरातला मुलगा जातो. मुलगा अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंचाचे आणतो. पाण्याने भरलेला पंचवीस लिटरचा गिझर पस्तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणून भिंत पक्की पाहावी लागते. दगडमातीच्या भिंतीत बोल्ट बसत नाही, भिंत बोल्टाभोवती उतरते. गरम पाण्याची नळी साध्या पीव्हीसीची टाकू नये. ती मऊ पडून वाकते. सीपीव्हीसीची टाकावी. सोळा अँपिअरचा सॉकेट आणि खरोखर जमिनीपर्यंत गेलेले अर्थिंग, या दोन गोष्टींवर फिटर भर देतो आणि घरमालक "ते बघू नंतर" म्हणतो. सगळ्या व्यवहारात फिटरचे ऐकण्यासारखे वाक्य तेवढे एकच असते.

नवे यंत्र लागले की जुन्यांच्या बदल्यांचे आदेश निघतात. बंब गोठ्याशेजारी जातो. गाईम्हशींच्या आंबोणासाठी पाणी तिथे तापते. रॉड आखाड्यावर जातो. दुसरा रॉड असेल तर तो लातूरला जातो. दहावी-बारावीच्या निकालांनी गाजलेल्या 'लातूर पॅटर्न'पायी खेड्यापाड्यांतली मुले तिथे खोल्या करून राहतात आणि विजेसह भाड्याने दिलेल्या खोलीत रॉड आणायला मनाई असते. रॉड पांघरुणाच्या वळकटीतून प्रवेश घेतो. वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला लागलेल्या मुलाचे पदार्थविज्ञानातले पहिले प्रात्यक्षिक, घरमालकाच्या मीटरचा वेग न वाढवता बादली कशी तापवावी, हे असते. जुना विजेचा गिझर पाहुण्यांच्या न्हाणीत लागतो, म्हणजे ज्याचे बटण दाबताच वीज जाते ते यंत्र खास पाहुण्यांसाठी राखून ठेवले जाते.

हा कंजूसपणा आहे असे वरवर वाटते. पण हिशेब मांडला तर त्यात शहाणपण दिसते. वीज गेली की रॉड आणि गिझर बसतात, सिलिंडर संपला की गॅस गिझर, आभाळ भरले की सोलर, आणि पाऊस लागून सरपण भिजले की बंब. यांचे बंद पडण्याचे दिवस वेगवेगळे असतात, म्हणून पाचांपैकी एखादे तरी चालू सापडते. कारखान्यात अशा व्यवस्थेसाठी सल्लागार नेमतात. देवणीत ती काही न टाकण्याच्या सवयीतून आपोआप उभी राहिली आहे.

या व्यवस्थेलाही एक मर्यादा आहे. पाचही साधने पाणी तापवतात. पाणी आणत कोणीच नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूर शहरासाठी पाण्याची रेल्वे सुरू झाली. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्या दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते; पुढे पन्नास टाक्यांची गाडी धावू लागली. त्या उन्हाळ्यात जिल्ह्यात कोणाच्या गिझरला किती तारे आहेत, याची चर्चा झाली नाही. टंचाईच्या दिवसांत सोलरच्या गरम नळातून आधी येणारे थंड पाणीही मोजले जाते. अर्ध्या इंचाच्या वीस मीटर नळीत ते सुमारे अडीच लिटर असते, आणि ते बादलीत धरून भांड्यांना वापरले जाते.

राहता राहिली अखेरची विल्हेवाट. तांब्याचा बंब भंगारात जात नाही. तो मोडीत जातो, तेही लग्नकार्याला भांडी घ्यायची असतील तेव्हा, आणि वजन करताना घरातले दोघे काट्यावर लक्ष ठेवून असतात. रॉड कॉइल तुटली की संपतो. त्याची वायर काढून घेतली जाते. सोलरच्या नळ्या फुटल्यावर उरलेला सांगाडा वेलीला मिळतो. विजेचा गिझर शेवटी भंगारवाल्याकडे जातो. आत चुन्याच्या खपल्या असल्यामुळे तो जड भरतो आणि भंगारवाला त्या झटकून मगच काट्यावर चढवतो. आलेल्या पैशात जेमतेम एक रॉड बसतो. तो आणलाही जातो. नवा गिझर बिघडला तर घरात असावा म्हणून.